निळा नभवीर

नभवीर दुसऱ्यांदा आला तो मार्चमधल्या एका रविवारी सकाळी. दहावीची परीक्षा नुकतीच सुरू झाली होती. दहा-बारा वर्षांपूर्वी बंद पडलेली ही मालिका एका खासगी वाहिनीने नव्याने आणली. नट नवा, शीर्षकगीत जुनं. पहिला भाग संपल्यावर थोड्याच वेळात वर्तमानपत्राच्या कचेरीतले फोन वाजू लागले आणि दुपारपर्यंत वाजत राहिले.

यंदाही मार्च आहे. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानासमोर हॉल तिकिटांच्या प्रती काढायला मुलं उभी आहेत. दुपारी ऊन चटका देतं, संध्याकाळी पायाला फरशी अजून गार लागते. नभवीर तिसऱ्यांदा येणार असल्याची बातमी मोबाइलवर वाचली. तिच्याखाली प्रतिक्रिया आहेत: अंगठे, बदाम, रडके चेहरे, आणि मधूनच एखादं पूर्ण वाक्य. वाक्य बहुधा एकच असतं. पूर्वीची मजा नाही. मालिका अजून सुरू व्हायची आहे.

त्या मार्चमध्ये हे वाक्य इतक्या वेळा टाइप करावं लागलं होतं की पुढे पुढे कळफलकाकडे पाहायची गरज उरली नाही. रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या प्रतिक्रियांना अर्धं पान होतं आणि ते भरण्याचं काम माझ्याकडे होतं. टपालाने पत्रं यायची, फॅक्स यायचे, ईमेल यायचे, आणि एका मोबाइलवर एसएमएस यायचे. तो मोबाइल डेस्कवर सगळ्यांचा मिळून एकच होता आणि त्याचा चार्जर कोणाला तरी नेहमी घरी न्यावासा वाटे. सगळं एकत्र करायचं, अक्षर लावायचं, शिव्या काढायच्या, लांबी कमी करायची. परीक्षेचा मोसम असल्याने पालकांची पत्रं वेगळी होती. कात्रजच्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'मालिका चांगली असेल, पण आमचा मुलगा कपाटावरून उडी मारतो आणि त्याचा भूमितीचा पेपर बाकी आहे. वाहिनीने मे महिन्यापर्यंत थांबायला काय हरकत होती?' सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी कळवलं, 'आपला नभवीर ताशी एवढ्या वेगाने जातो परंतु शिरस्त्राण वापरत नाही, ही बाब खेदजनक आहे. अर्थात पुण्यात ती नवीन नाही.' सिंहगड रस्त्यावरच्या एकाने एवढंच पाठवलं: 'नवा नभवीर उडतो असं वाटत नाही. कोणीतरी उचलून ठेवलाय असं वाटतं.'

ही पत्रं छापणं सोपं होतं. अडचण दुसऱ्या पत्रांची होती.

दुसऱ्या रविवारनंतर त्यांचा एक वेगळा गठ्ठा झाला. त्या सगळ्यांत एकच तक्रार होती: नभवीराच्या पोशाखाचा रंग का बदलला? पूर्वी तो निळा होता, आता तांबडा का? काहींनी चिडून लिहिलं होतं, काहींनी दुखावून. एकाने लिहिलं होतं की बाकी काही बदललं असतं तरी चाललं असतं. गठ्ठा वाढत गेला तशी बातमीची शक्यता दिसू लागली. जुन्या चाहत्यांचा रंगबदलाला विरोध, असा मथळाही मनात तयार होता. मलाही नभवीर निळाच आठवत होता. फक्त दुसरी बाजू घ्यायची राहिली होती, म्हणून मुंबईला मालिकेच्या निर्मात्यांच्या कचेरीत फोन लावला.

पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रंग तोच आहे, मॅडम. जुना पोशाख अजून आमच्या कपाटात आहे. त्याच्यावरूनच नवा शिवला. तांबडा."

"निळा कधीच नव्हता?"

"कसा असेल? हवेत उडायचे सीन आम्ही निळ्या पडद्यासमोर काढायचो. मागचा निळा काढून टाकायचा आणि तिथे आकाश बसवायचं. अंगावर निळं असतं तर माणूसच गेला असता ना त्याच्याबरोबर. नुसतं डोकं उडालं असतं."

त्याने हे बऱ्याच जणांना सांगितलं असावं. आवाजात कंटाळा होता.

पानाचे प्रमुख देशपांडे होते. त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, "मग निळ्याची पत्रं बाजूला काढा. वस्तुस्थितीला धरून नाहीत."

"बरीच आहेत."

"बरीच असली म्हणून बरोबर होत नाहीत. आपण मतं छापतो, भास नाही छापत." देशपांडे अन्याय करणारे नव्हते. त्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या मेहुण्याचं पत्र पाल्हाळिक म्हणून केराच्या टोपलीत टाकलं होतं.

बाजूला काढताना लिफाफ्यांवरचे पत्ते नजरेखालून गेले. विश्रांतवाडी, येरवडा, खडकी, दापोडी, हडपसरच्या पलीकडची गावं. ईमेल होते ते हिंजवडीतल्या कंपन्यांमधून, पण मजकुरात अकोला होतं, यवतमाळ होतं, लातूर होतं. प्रभात रस्ता आणि कोथरूडहूनही पत्रं भरपूर आली होती. त्यांच्या तक्रारी नटाच्या उच्चारांबद्दल होत्या, जाहिरातींबद्दल होत्या, खलनायकाच्या मिशीबद्दल होत्या. रंगाबद्दल तिथून एकही नव्हती. ज्यांना पूर्वी तांबडा दिसला होता त्यांना आताही तांबडा दिसला. त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या नभवीराच्या काळात विश्रांतवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत टीव्ही होता तो लाकडी शटरचा, कृष्णधवल. बाबांची बदली अमरावतीहून पुण्याला झाली त्यानंतर दुसऱ्या वर्षी तो आला, आणि त्यानंतर काही दिवसांनी त्याच्यापुढे लावायची निळी काच आली. ती प्लास्टिकची पातळ पाटी होती, पण सगळे तिला काचच म्हणत. बाबांनी ती जुन्या बाजारातून आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून, सायकलच्या हँडलला बांधून. दोन्ही बाजूंच्या हुकांत अडकवली आणि म्हणाले, "झाला रंगीत." त्या दिवसापासून आमच्याकडे बातम्या देणारी बाई निळी झाली, क्रिकेटचं मैदान निळं झालं, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातला गहू निळा झाला. हे सगळं थोडं विचित्र दिसे. नभवीराचं मात्र विचित्र दिसत नसे, कारण तो आकाशातून यायचा.

टीव्ही बराच वेळ चालला की ती पाटी गरम व्हायची आणि तिला नव्या चपलेसारखा वास यायचा. हात जवळ नेला तर हातावरची लव उभी राहायची. परीक्षा जवळ आल्या की बाबा अँटेनाच्या वायरीची पिन काढून आपल्या पिशवीत टाकायचे आणि ऑफिसला घेऊन जायचे. डब्याशेजारी पिन. संध्याकाळी ती परत यायची पण लागायची नाही. रविवारी मात्र, नभवीराच्या अर्ध्या तासापुरती, ते स्वतः ती बसवायचे. गीत संपेपर्यंत दारात चपला वाढायच्या, कारण ओळीतल्या चार-पाच घरांत मिळून टीव्ही एकच होता. मालिका संपली की पिन पुन्हा पिशवीत. भिंतीवरच्या दोन तसबिरींकडे, एक ध्यानस्थ, एक निळ्या कोटातली, पाहून मुलं पुस्तक उघडायची. त्या तसबिरींसमोर परीक्षेच्या दिवसांत कोणी फार वेळ रिकामं बसत नसे.

दुसरा नभवीर आला तेव्हा त्या दोन खोल्यांच्या जागी तीन झाल्या होत्या आणि टीव्ही रंगीत होता. बाबा निवृत्त झाले होते. धाकटा भाऊ प्रशांत हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. तो वाकडला मित्रांबरोबर राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. कंपनीची बस त्याला चौकात सोडायची आणि तिथून पुढे तो एक सिगारेट संपेपर्यंत चालत यायचा, असा आमच्या आईचा अंदाज होता. आई त्या मार्चच्या आधीच गेली होती; ती असेपर्यंत तो अंदाजच राहिला.

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी तो आला तेव्हा बाबा टेबलफॅन खोलून बसले होते. उन्हाळा लागला की पाती पुसून, तेल घालून तो माळ्यावरून खाली यायचा. प्रशांतने बूट काढले नाहीत. दारातच उभा राहून म्हणाला, "बाबा, नभवीर कोणत्या रंगाचा होता?"

"तांबडा," बाबा म्हणाले. मान वर केली नाही.

"आपला जुना. निळ्या काचेतला."

"तोच तर. तांबडा होता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"लक्ष्मी रोडवर दुकानाच्या काचेत पाह्यला होता. रंगीत टीव्ही पाहाले गेलो होतो, तवा चालूच होता तो." पुण्यात इतकी वर्षं काढूनही बाबांच्या बोलण्यातली अमरावती गेली नव्हती.

"मग सांगितलं का नाही कधी?"

"परीक्षा होती तुमची."

"परीक्षा संपल्यावर सांगायचं."

"संपल्यावर तू त्याचं चित्र काढलं. निळी पेन्सिल पार बोटाएवढी झाली होती. वस्तीच्या कार्यक्रमात बक्षीस भेटलं तुले." बाबांनी एक पातं उजेडात धरून पाहिलं. "मग काऊन सांगू?"

मग प्रशांतने सांगितलं. आदल्या दिवशी, शुक्रवारी, कंपनीत खेळांचा कार्यक्रम होता. नव्या मालिकेचं निमित्त म्हणून जुन्या नभवीरावर प्रश्नमंजुषा ठेवली होती. प्रशांतचा गट पुढे होता. खलनायकाचं नाव, गुहेचा दरवाजा उघडायचा मंत्र, सगळं त्याला पाठ होतं. शेवटचा प्रश्न रंगाचा आला. गटाशी न बोलता त्याने घंटी वाजवली आणि निळा म्हणून सांगितलं. चूक म्हटल्यावर तो वाद घालत राहिला. तेव्हा कोणीतरी इंटरनेटवरून जुना भाग काढून भिंतीवर मोठा करून दाखवला. तांबडा पोशाख, पिवळा पट्टा. सगळे हसले, तोही हसला. जेवताना गटातलाच एकजण ताट घेऊन समोर बसला आणि म्हणाला, "काय रे, तुम्हाला सगळं निळंच दिसतं का?"

"टेबलावरचे सगळे हसले," प्रशांत म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "ताई, 'तुला' नाही म्हणाला तो. 'तुम्हाला' म्हणाला. विचारत होता मला एकट्याला."

बाबांनी पातं खाली ठेवलं. "नोकरी गेली का त्याच्यानं?"

"नाही."

"मग बस झालं." पातं परत बसवता बसवता ते म्हणाले, "पण उत्तर तर चुकलंच ना तुझं."

"चुकलं."

"माझ्यानं चुकलं ते," बाबा म्हणाले आणि पंख्याची जाळी बसवू लागले. जाळीची कडी बसत नव्हती. प्रशांतने बूट काढले, खाली बसला आणि दुसऱ्या बाजूने जाळी धरली.

रविवारी सकाळी तिघांनी मिळून नवा भाग पाहिला. नवा नभवीर एका मॉलच्या छतावर उतरला. पूर्वीचा धरणावर उतरायचा. गुन्हेगार आता संगणकातून पैसे चोरत होते आणि नायकाला ते समजायला भागाचा बराचसा वेळ लागला. प्रशांत मधेच म्हणाला, "हे असं होत नसतं सिस्टीममध्ये." बाबा म्हणाले, "धरण तरी कुठं तसं फुटत होतं." जाहिराती लागल्या की आवाज वाढायचा आणि बाबा रिमोट शोधायचे.

दुपारी प्रशांतने एक कागद पुढे केला. पुरवणीसाठी प्रतिक्रिया होती. खाली सही होती: 'एक चाहता, हिंजवडी.'

"नाव लागतं. आणि राहण्याचं ठिकाण. निनावी छापत नाहीत."

"आमच्या कँटीनमध्ये येते पुरवणी. सगळे वाचतात."

"मग देऊ नकोस."

"घरच्यांनाही नियम?"

"घरच्यांना आधी."

त्याने कागद परत घेतला. त्या आठवड्यात प्रतिक्रिया नेहमीसारख्याच येत राहिल्या. एका शाळेतल्या शिक्षिकेने विचारलं होतं की निबंधाच्या पेपरात 'माझा आवडता नायक' आल्यास नभवीर चालेल का. एका आजोबांनी लिहिलं की त्यांचा नातू आता मालिका पाहत नाही, ते एकटेच पाहतात. निळ्याची पत्रं रोज येत होती आणि रोज बाजूला ठेवली जात होती. त्यांना उत्तर देण्याची पद्धत नव्हती. दर वेळी तेच अक्षर नसायचं, पण तोच प्रश्न असायचा. एखाद्याला फोन करून विचारावं की तुमच्याकडे कृष्णधवल टीव्ही होता का, तर ते विचारणं बातमीदाराचं राहिलं नसतं.

बुधवारी प्रशांत ऑफिसमधून रजा घेऊन कचेरीत आला आणि तोच मजकूर पुन्हा दिला. आता खाली पूर्ण नाव होतं आणि त्यापुढे विश्रांतवाडी. मजकूर असा: 'आमचा नभवीर निळा होता. तो तसा नव्हता, हे मला आत्ता कळलं. आमचा टीव्ही कृष्णधवल होता. आम्हाला रंग दिसावा म्हणून वडिलांनी त्याच्यापुढे निळी काच लावली होती. त्यांनी चूक केली असं मला वाटत नाही.'

"बाबांनी वाचायला हवं हे," प्रशांत म्हणाला. "तोंडी सांगितलं तर पंख्यातच डोकं घालतात."

देशपांड्यांनी मजकूर दोनदा वाचला. "ह्यात वस्तुस्थिती आहे. घ्या." मग नाव पाहिलं. "तुमचे कोण?"

"भाऊ."

"मग वर नको. सगळ्यांत शेवटी घ्या. उगाच कोणी बोलायला नको."

तो शेवटी लावला. शुक्रवारी दुपारी दहावीच्या गणिताच्या पेपरला गोंधळ झाल्याचं कळलं आणि डेस्कवरच्या दोघांना परीक्षा केंद्रांवर जावं लागलं. त्यांतली एक मी होते. केंद्राबाहेर पालक झाडाखाली उभे होते. गोंधळ फारसा नव्हता, एक प्रश्न अवघड होता. त्याच वेळात कचेरीत वाकडच्या एका गृहप्रकल्पाची जाहिरात आली, पोहण्याच्या तलावाच्या चित्रासह, आणि ती प्रतिक्रियांच्या पानावर घ्यायची ठरली. पान खालून कापतात. शेवटच्या पत्राचं पहिलं वाक्य राहिलं, बाकीची चार गेली. नाव राहिलं, कारण नाव काढता येत नाही.

रविवारी बाबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "आमचा नभवीर निळा होता." मग नाव वाचलं, मग विश्रांतवाडी. कागद उलटून पाहिला. "एवढंच?"

"एवढंच आलंय," प्रशांत म्हणाला.

"चुकीचं छापलं तुम्ही," बाबा मला म्हणाले. "तांबडा होता."

काय कापलं गेलं ते त्यांना सांगितलं. प्रशांतने सांगितलं नाही, मी सांगितलं, एक एक वाक्य. ते ऐकून बाबा उठले आणि अंगणातल्या तारेवरचे कपडे वाळले का ते पाहायला गेले. कपडे सकाळीच टाकले होते.

"म्हणजे उद्या मी तिकडे पुन्हा तोच," प्रशांत म्हणाला. "चूक दाखवून दिल्यावरही न सुधारणारा. तेही स्वतःच्या नावाने."

सोमवारी शुद्धिपत्राचं विचारलं. देशपांडे म्हणाले, "चुकीचं काय छापलं आपण? कापणं ही चूक नव्हे. जागा नव्हती." हे खरं होतं.

त्याच दुपारी प्रशांतचा हिंजवडीहून फोन आला. पँट्रीतल्या सूचनाफलकावर कोणीतरी ते कात्रण लावलं होतं, निळ्या पेनने त्याभोवती चौकट काढून.

"काढून टाक ना."

"नाही काढणार."

"का?"

"नाव आहे माझं त्यावर. मी काढलं तर मी काढलं असं होईल." मागे चहाच्या मशीनचा आवाज येत होता. "असू दे. बघतील."

गुरुवारी त्याचा पुन्हा फोन आला. कात्रण अजून तिथेच होतं. त्याच्याखाली पांढऱ्या जागेत दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात, काळ्या बॉलपेनने, एक ओळ लिहिली होती. प्रशांतने ती वाचून दाखवली: 'आमच्याकडे डोकं निळं होतं, पाय हिरवे.'

त्या काळी बाजारात तीन पट्ट्यांच्या काचाही मिळत. वर निळा, मधे तांबूस, खाली हिरवा.

ओळ कोणी लिहिली ते कळलं नाही. प्रशांतने कोणाला विचारलं नाही. शनिवारी साफसफाईवाल्यांनी फलक रिकामा केला.